रुमालातली ओटी

मूल नको, हे आम्ही दोघांनी लग्नाआधीच ठरवलं होतं. त्यात दुःखाचं काही नव्हतं आणि दवाखान्याचाही संबंध नव्हता. नको होतं, एवढंच. पण आमच्याकडे 'नको होतं' म्हटलं की समोरचा माणूस तासभर समजूत घालतो, आणि 'नाही झालं' म्हटलं की लगेच गप्प होऊन विषय बदलतो. मंचरजवळ आमची रोपवाटिका आहे. मला दिवसाला शंभर कामं असतात. मी सोपं ते निवडलं. लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत कुणी विचारलं की मान थोडी खाली घालायची आणि म्हणायचं, "नाही झालं हो." वर्षानुवर्षं हे वाक्य कामी आलं. त्याने कुणाचं काही बिघडत नाही, असं मी धरून चालले होते.

टोमॅटोच्या रोपांचा हंगाम संपला की आम्ही वर्षातून एकदा बाहेर जेवायला जातो. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत मजूर, ट्रे, टेम्पोवाल्यांचे फोन यांनी कान किटून जातात. त्या वर्षी जूनच्या एका रविवारी दुपारी नारायणगावच्या पुढे, द्राक्षबागेत नव्याने निघालेल्या एका मोठ्या हॉटेलात गेलो. टेबलांवर पांढरी कापडं, ताटाशेजारी घडी घातलेला कापडी रुमाल, परातीएवढ्या बशीत मधोमध लिंबाएवढं खाणं. आत शांतता होती. मी जेवणापेक्षा त्या शांततेसाठीच गेले होते.

सूप आलं आणि पाठोपाठ पाच माणसं आत आली. नऊवारीतली एक म्हातारी, तिचा मुलगा, सून, सातेक वर्षांची नात आणि चारेक वर्षांचा नातू. ते डोंगराकडच्या मढ गावचे होते. मुलाने नवी पिकअप घेतली होती आणि ओझरच्या गणपतीपुढे तिची पूजा करून ते परस्पर जेवायला आले होते. हे मला विचारावं लागलं नाही. म्हातारीचा आवाज असा होता की ते साऱ्या हॉटेलाला कळलं.

नातवाने आधी चमच्याने ताट वाजवलं. मग आईच्या मोबाइलवर गाणं लावलं. मग खाली उतरून टेबलांमधून पिकअप चालवायला लागला, तोंडाने रिव्हर्सचा हॉर्न वाजवत. दोन फेऱ्या मी सोसल्या. तिसऱ्या फेरीत गाडी माझ्या खुर्चीवर आदळली आणि चमच्यातलं सूप माझ्या कुर्त्यावर सांडलं.

मी मॅनेजरला हाक मारली, आणि ती हळू नव्हती. "हे हॉटेल आहे की बेल्ह्याचा बाजार?"

बेल्ह्याला गुरांचा बाजार भरतो, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हातारी मागे वळली.

"खरं हाय बाई," ती म्हणाली. "पर बेल्ह्याला बैल बी याच्यापरीस गप हुबं ऱ्हात्यात."

पलीकडच्या टेबलावरचे लोक हसले. माझा नवराही हसला. मी हसले असते तर विषय तिथेच मिटला असता. म्हातारीचा मुलगा उठून "सॉरी मॅडम, सॉरी" म्हणत पोराला ओढायला लागला होता. पण मी मॅनेजरला म्हटलं, "यांना बाहेर बागेत बसवा, नाहीतर आम्हाला उठू द्या."

सुनेला ते लागलं. ती मान वर न करता म्हणाली, "लेकरू हाय ते. ज्यांना पोरं असत्यात त्यांना समजतं."

आणि मी ते वाक्य काढलं. नुसतं काढलं नाही, वाढवून काढलं.

"नाहीत मला पोरं," मी म्हटलं. "बारा वर्षं दवाखाने केले. नाही झालं. वर्षातून एकदा इथे येतो ते दोन घटका कानावर पोरांचा आवाज पडू नये म्हणून."

बारा वर्षं कुठून आली, मला माहीत नाही. सुनेचा चेहरा उतरला. तिने मोबाइल बंद केला, नातीला डोळ्यांनी दटावलं आणि पोराला मांडीत घट्ट दाबून बसवलं. मॅनेजर जमिनीकडे बघत निघून गेला. माझा नवरा घडी मोडलेल्या रुमालाची पुन्हा घडी घालत बसला.

पुढचं जेवण शांततेत आलं. चव चांगली होती. मी पोटभर जेवले. नंतर बरेच दिवस मी स्वतःला सांगत राहिले की मला तेव्हाच वाईट वाटलं होतं. तसं नव्हतं. मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

आमचं होत आलं तेव्हा म्हातारी उठली आणि नातवाला काखेत मारून आमच्या टेबलाशी आली.

"सरक वाईच," ती मला म्हणाली, आणि बाजूची खुर्ची ओढून बसलीसुद्धा. मग तिने पोरगा माझ्या मांडीवर ठेवला. "धर नीट. कुर्ता तर आधीच भरलाय, आता काय बिगडतंय?"

पोरगा ताठ बसला. त्याच्या हाताला सॉस लागलेला होता आणि तो मला कुठे लावू नये, हे त्याला आता कळत होतं. हात हवेत धरून तो माझ्याकडे बघत राहिला.

"सुनेचं बोलणं मनावर घिऊ नको, पोरी. तिला काय म्हाईत." मग वेटरकडे वळून, "ए भाऊ, मूठभर तांदूळ आण रं. शिजवल्याले नको, तसलेच."

वेटरने बासमतीची वाटी बशीत ठेवून, खाली कागदी जाळी घालून आणली. म्हातारीने पिशवीतून घरच्या देवासाठी जपून ठेवलेला नारळ काढला. ओटी घ्यायला मला पदर नव्हता. तिने इकडेतिकडे बघितलं आणि नवऱ्याच्या हातातला रुमाल ओढून घेतला.

"पदर न्हाई तर न्हाई. ह्यो पसर."

मी पसरला. तिने नारळ ठेवला, तांदूळ घातले, आणि डोळे मिटून, ओझर जणू पलीकडच्या टेबलावर आहे अशा आवाजात म्हणाली, "देवा गणराया, हिच्या घरात पाळणा हलंस्तवर मी भात सोडला."

"आत्या!" सून तिकडून ओरडली. "भाताबिगर ऱ्हाल का तुमी?"

"ऱ्हाईन की. बोलले ते बोलले."

मढला पावसाचं पाणी आणि भाताची खाचरं, दुसरं फार काही नाही. तिथल्या म्हातारीने भात सोडणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. बोलायला वेळही होता. तिने पोराला उचललं, माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, तिच्या टेबलापर्यंत चालत गेली. तेवढ्या वेळात मी एवढंच म्हणाले, "अहो, कशाला." कुणी चहाचा आग्रह केल्यावर म्हणतात तसं.

गाडीत नवरा म्हणाला, "सांगायचं होतंस."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"खोटं तू बोललीस."

 मंचर आल्यावर तो म्हणाला, "आठ दिवसांत विसरेल म्हातारी." मी लगेच "हो" म्हटलं. घरी आल्यावर तांदूळ डब्यातल्या तांदळात मिसळले, नारळ फोडून चटणी केली, रुमाल धुऊन कपाटात टाकला. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते.

तीन वर्षांनी, नोव्हेंबरात, रोपवाटिकेच्या दारात एक पिकअप उभी राहिली. भात काढून झाल्यावर टोमॅटो लावून बघायचा म्हणून एक जोडपं रोपं न्यायला आलं होतं. मी त्यांना ओळखलं नाही. बाईने मला ओळखलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे घराच्या दाराकडे बघितलं. लहान चपला दिसतात का, ते बघत असावी.

"ताई, तुमी त्या हॉटेलातल्या ना?" आणि मग हळूच, "काय... झालं का?"

मी नुसती 'नाही' अशी मान हलवली.

"ऱ्हाऊ द्या. तुमी भेटल्या म्हनून आमच्या सासूबाईंना सांगत न्हाई." मग ती हसली. "त्यांनी भात अजून सोडलेलाच हाय बरं का. डाक्टर लई खूश. म्हनतो, आजी, तुमची साखर उतरली."

"अजून?" मी म्हटलं.

"मग! यंदा दात बी गेलं. भाकरी चावत न्हाई, दुधात कुस्करून गिळत्यात. नवा इंद्रायणी घरात आला, वासानं घर भरलं. म्हटलं, आत्या, दोन घास खावा, कोन बघतंय? तर म्हनल्या, त्या पोरीला कळंल का न्हाई ते म्हाईत न्हाई, पर मला तर कळंल."

तिचा नवरा पिकअपमध्ये ट्रे चढवत होता. मी त्याला ट्रे कसे आडवे ठेवायचे ते सांगितलं, रोपांना पाणी कधी द्यायचं ते सांगितलं. ते गेल्यावर मी ऑफिसात जाऊन बसले. माझ्या वाक्याने कुणाचं काही बिघडत नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. एक म्हातारी तीन वर्षं त्याच्यावर उपाशी होती.

नवऱ्याने तोडगा काढला. "फोन करून सांग, झालं म्हणून. मुलगी झाली. विषय संपला."

"बघायला येईल ती. अंगडं-टोपडं घेऊन येईल."

"मग दत्तक घेतलं म्हण."

तो चेष्टा करत नव्हता. त्या क्षणी मलाही ते सोपं वाटलं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

त्या रविवारी मी एकटी मढला गेले. म्हातारी पडवीत बसून जेवत होती. पितळीत दूध, दुधात कुस्करलेली नाचणीची भाकरी. तिने मला चटकन ओळखलं आणि तिची नजर आधी माझ्या पोटाकडे गेली. नातू, आता सात वर्षांचा, पत्र्याचा डबा बडवत अंगणातून आत आला.

"गप रं," म्हातारी त्याला म्हणाली. "ह्या बाईंना आवाज सोसत न्हाई. जीव दुखतो त्यांचा."

टोमणा नव्हता तो. तिने खरंच माझ्यासाठी सांगितलं. पोराने डबा अलगद खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत भिंतीला टेकून उभा राहिला.

मी उभ्यानेच सांगितलं. मला मूल नको होतं. नवऱ्यालाही नको होतं. दवाखान्यात कधी गेलो नाही. त्या दिवशी मी खोटं बोलले.

तिने घास गिळला. "नकोच व्हतं?"

"नाही."

"मग त्या दिशी काय, ह्या पोराचा तरास झाला म्हनून बोललीस?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने भाकरीचा तुकडा बोटाने दुधात दाबला. आत सुनेने भांडं घासायचं थांबवलं होतं.

"मग तसंच सांगायचं," म्हातारी म्हणाली. "की बाई, तुझा नातू लई वरडतोय, त्याला गप कर. आमी काय मारलं असतं तुला?"

मी म्हटलं, तुम्ही आता भात खा. तिने मान हलवली. "तुज्यापुढं बोलले व्हते व्हय मी? देवापुढं बोलले. त्याला काय सांगू? बाई खोटी निगाली म्हनून?" मग पितळी बाजूला सारून ती उठली. "तूच चल आन् तूच सांग. गाडी हाय ना?"

गाडी होती. ती पुढे बसली, नातू मागे.  ओझरला रांग होती. गाभाऱ्यापुढे आलो तेव्हा मी हात जोडून ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं. मी देवाला मानणारी नाही आणि मागे माणसं उभी होती.

"मोठ्यानं," म्हातारी म्हणाली. "त्या मॅनेजरला कसा खणखणीत आवाज दिला व्हतास."

मग मी मोठ्याने बोलले. "आम्हाला मूल नको होतं. मी खोटं सांगितलं. यांनी माझ्यासाठी भात सोडला होता, तो यांना खाऊ दे." मागची बाई तिचं तान्हं घेऊन एक पाऊल मागे सरकली. पुजाऱ्याने माझ्याकडे न बघता हातावर खडीसाखर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी हे चारचौघांत बोलले होते. हलकं वगैरे काही वाटलं नाही. कान तापले होते आणि कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं.

देवळाबाहेरच्या खाणावळीत तिने फक्त भात आणि आमटी मागवली. कालवून पहिला घास घेतला, तोंडात घोळवला.

"कच्चा हाय," ती म्हणाली. "आन् तांदूळ बी आपल्याकडचा न्हाई." पण तिने दुसरा घास घेतला, आणि तिसरा. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

नातू समोर बसून स्टीलच्या ताटावर चमचा वाजवत होता. तो आवाज मला तेव्हाही सहन झाला नाही.

"बाळा," मी म्हटलं, "मला त्रास होतोय. चमचा खाली ठेव."

त्याने आजीकडे बघितलं. आजी जेवत होती. त्याने चमचा ठेवला, आणि थोड्या वेळाने बोटांनी ताट वाजवायला लागला.