आयला वाटलं, मी सिस्टर होणार

आम्ही घरी आईला ‘आय’ म्हणतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी एकदा वर्गात म्हणाले, “आयला विचारून सांगते,” तर मागच्या बाकांवरची मुलं इतकी हसली की सरांना वाटलं मी शिवी दिली. तेव्हापासून मी वर्गात कमीच बोलते. तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात म्हणून बघते, दुरुस्त करते, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो.

त्यामुळे रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, संपल्यावर फादरनी तरुणांसाठी मौनाच्या रिट्रीटची घोषणा केली तेव्हा सगळ्यात आधी हात माझा वर गेला. शुक्रवारी संध्याकाळी जायचं, सोमवारी सकाळी परत यायचं. मध्ये कुणी कुणाशी बोलायचं नाही, फक्त प्रार्थना आणि मनन. माझी श्रद्धा खरी होती, तिच्याबद्दल शंका नको. पण मनात असंही आलं की जिथं कुणीच बोलणार नाही, तिथं मी कुणाच्या मागे पडणार नाही.

आय घोडबंदर रोडलगतच्या आमच्या गावठाणाच्या तोंडाशी मासे विकायला बसते. समोर टॉवर झाले तरी तिची जागा तीच राहिली. तिचा आवाज सहाव्या-सातव्या मजल्यापर्यंत जातो आणि वरच्या बायका तिथूनच विचारतात, आज बोंबील आहेत का म्हणून. अशा बाईला मौन समजावणं सोपं नव्हतं.

“रिट्रीट म्हंजे ती कोपऱ्यावरची पोर गेलेली, तेच ना?” तिनं विचारलं.

कोपऱ्यावरच्या घरातली मुलगी काही वर्षांपूर्वी अशाच एका रिट्रीटला गेली होती. पुढे ती नन व्हायला कॉन्व्हेंटमध्ये दाखल झाली. आता ती सिस्टर आहे, झारखंडमधल्या एका शाळेत शिकवते, आणि तिची आई तिला व्हिडिओ कॉलवर बघते.

“ती आधीच ठरवून गेलेली, आय. मी फक्त प्रार्थनेला चाललेय.”

“सगल्या असंच बोलतात. आन् तिकडं दिवसभर करता काय?”

“ध्यान.”

आयनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “ध्यान? ते तर माज्या घरातच हाय.”

पप्पा हसून हसून खोकायला लागले. मी बॅग भरत राहिले. साधे, फिक्या रंगाचे कपडे आणा असं सांगितलं होतं. माझ्याकडे साधे म्हणजे पांढरे कुर्तेच होते. तेच घेतले, आणि पांढरी ओढणी. निघताना सांगितलं, “आय, फोन बंद असेल हां.” तिनं मान डोलावली. फोन सायलेंटवर असेल, एवढंच तिला कळलं, हे मला नंतर समजलं.

रिट्रीट हाऊस मुख्य रस्ता सोडून आत, डोंगराच्या पायथ्याशी होतं. झाडं, लांब व्हरांडा, छोटं चॅपल. पोचल्यावर सगळ्यांचे फोन एका टोपलीत गेले आणि मौन सुरू झालं. माझ्या खोलीत डोंबिवलीची एक मुलगी होती. आमची एकमेकींशी जेमतेम नावापुरती ओळख झाली आणि घंटा वाजली.

जेवताना तिनं टेबलाकडे बोट केलं. मी लोणचं दिलं. तिनं मान हलवली. मी पापड दिला. तिनं हताशपणे चिमूट करून हवेत भुरभुरवली, तर मला वाटलं भात मोकळा झालाय असं कौतुक करतेय, म्हणून मीही हसून मान डोलावली. शेवटी ती उठून टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या कोपराजवळचं मीठ घेऊन गेली. पुढे कितीतरी वेळ आम्ही दोघी ताटात डोकं खुपसून बसलो होतो, कारण नजरानजर झाली असती तर मौन संपलंच असतं.

बाहेर शांतता होती, पण माझ्या डोक्यात बाजार भरला होता. बोलायला कुणी नसताना मी दिवसभर वाक्यं तयार करत होते. सरांना द्यायची उत्तरं, त्या मागच्या बाकांवरच्या मुलांना द्यायची उत्तरं. देवाशीसुद्धा मी आधी मनात मसुदा करून बोलत होते. शनिवारी फादर चॅपलमध्ये म्हणाले, “देवासमोर चांगलं वाक्य घेऊन यायची गरज नाही. तसेच बसा.” मला वाटलं, यांना माझं कुणी सांगितलं?

त्या संध्याकाळी मी तशीच बसले. थोडा वेळ, खरंच थोडाच वेळ, डोक्यात एकही वाक्य आलं नाही. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की जरा भीतीच वाटली. कोपऱ्यावरच्या मुलीला असंच काही वाटलं असेल का?

रविवारी मिस्सानंतर चालत मनन होतं. एकेक पाऊल सावकाश टाकत बागेत फिरायचं. ऊन होतं म्हणून मी ओढणी डोक्यावरून घेतली आणि खाली बघत फाटकापर्यंत आले.

“ए पोरी!”

फाटकाच्या गजांपलीकडे आय उभी होती. चर्चला नेसायची साडी, काखेत डबा, चेहरा घामानं चिंब. मी थांबले आणि बोट ओठांवर ठेवलं. नियम म्हणजे नियम.

“फोन का नाय उचलत? कालपासून करते. पप्पा बोलले रेंज नसेल. मी बोलले, रेंजला काय झालं?” ती बोलता बोलता थांबली. आता तिनं मला नीट पाहिलं. पांढरा कुर्ता, डोक्यावर पांढरी ओढणी, हळू चाल. “हे काय गो?”

मी छातीवर हात ठेवला, म्हणजे मी ठीक आहे. मग वर बोट दाखवलं, म्हणजे फादर वरच्या व्हरांड्यात आहेत, त्यांना विचार.

आयनं वर आभाळाकडे बघितलं.

“ठरवलंस?” तिचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

मला वाटलं, सोमवारपर्यंत राहायचं ठरवलंस का, असं विचारतेय. मी मान डोलावली.

ती फाटकाच्या कट्ट्यावर बसली. डबा मांडीवर घेतला. “बरं,” ती डब्याकडे बघतच म्हणाली. “देवाला ‘नाय’ बोलणारी मी कोण? पण त्याला सांग, एक वरीस थांब. शेवटचं वरीस हाय. आमच्या घरात कोनी डिग्री बगली नाय अजून. फोटो काढू दे, काळ्या डगल्यातला. मंग ने म्हणावं.” तिनं पदरानं नाक पुसलं. “आन् मी मेली फुगे तळून आनले. तिकडं झारखंडात फुगे कोन देनार तुला?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाक्य तयार करायला वेळच नव्हता.

“आय, मी सिस्टर नाय होणार गो!”

आवाज तिच्याचसारखा निघाला. सातव्या मजल्यापर्यंत जाणारा. झाडांवरचे पक्षी उडाले. बागेत सावकाश चालणारी सगळी माणसं जागच्या जागी थबकली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. डोंबिवलीची मुलगी तर आंब्याच्या बुंध्याला कपाळ टेकून उभी होती. प्रार्थना करत नव्हती, एवढं नक्की. वर व्हरांड्यात फादरनी तोंडावर रुमाल धरला आणि दुसऱ्या हातानं खूण केली, बोला, बोला.

“मंग तोंडात काय मिठाची गुळणी धरलेलीस?” आय उसळली.

“मौन आहे ना! सांगितलं होतं तुला.”

“आयशी बी मौन? कुटल्या बायबलात लिवलंय?”

मी फाटक उघडून तिच्या शेजारी कट्ट्यावर बसले. तिनं डबा उघडला आणि आंबवलेल्या पिठाचा एक गोल, मऊ फुगा माझ्या तोंडात कोंबला, मी पुन्हा गप्प होईन या भीतीनं असेल किंवा मी गप्प व्हावं म्हणून असेल. मग तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “कदीच नाय ना होणार?”

इथं ‘कधीच नाही’ म्हटलं असतं तर ती खुश होऊन घरी गेली असती. पण मला कालची संध्याकाळ आठवली. ती काय होती ते मला माहीत नव्हतं. मी फुगा गिळला.

“माहीत नाय, आय. आत्ता तसं काही नाय. काल बसले होते तर बरं वाटलं, बस. त्याचं काय करायचं ते मला कळत नाय.”

तिनं डब्यातला दुसरा फुगा उचलला आणि परत ठेवला.

“बरं वाटलं म्हंजे कसं?” तिनं विचारलं.

मी सांगायला लागले. अडखळत, मागे-पुढे करत, दोन वाक्यं तर अर्धीच सोडून. ती मध्ये एकदाही बोलली नाही. मी थांबले तेव्हा तिनं डब्याचं झाकण लावलं, माझ्या डोक्यावरची ओढणी मागे सारली आणि केस नीट केले.

“जे काय ठरेल ते आदी मना सांगशील,” ती म्हणाली. “देवाच्या आदी नाय तर नाय, पण फादरच्या आदी.”

“हो.”

“डिग्रीनंतर.”

“हो गं.”

मग ती उठली, डबा माझ्या हातात दिला आणि बसस्टॉपकडे चालायला लागली.