हळदीचं पहिलं पान

नागपंचमी तोंडावर आली आणि मालनताईंच्या हळदीच्या एका पानावर ठिपके पडले. नाहूरच्या त्यांच्या इमारतीमागे रंगाच्या रिकाम्या बादल्यांत ही हळद दरवर्षी माजायची. मुळात ती लावली थोरल्या जावेने, सुलक्षणाबाईंनी. त्या आता कांजूरमार्गला मुलाकडे असतात. नुकत्याच इस्पितळातून घरी आल्या होत्या, अन्नाचं नाव घेत नव्हत्या. मागितलं ते एकच: त्या हळदीच्या पानात वाफवलेल्या गोड पातोळ्या.

डागाळलेलं पान नैवेद्याला चालत नाही. रोग सगळीकडे पसरणार, या धास्तीने ताईंनी रोपंच उपटायला घेतली. शेती शिकणाऱ्या श्रुतिकाने, त्यांच्या नातीने, हात धरला.

"आजी, थांब ना. डागाचं पान तेवढं काढ. बुरशी बसली की पान ठिपक्याभोवतीचा आपलाच भाग मारून टाकतं, तिला अडवायला कडू रसायनं बनवतं. आणि आतून बाकीच्या पानांना निरोप धाडतं. ती मग आधीच तयारीत राहतात."

"म्हणजे पहिलं मरतं नि बाकीची जगतात?"

"निरोप वेळेत पोचला तर."

ताई तिथेच बसल्या. त्या नवी नवरी होऊन आल्या, तेव्हा सासूबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. पहाटे पहिला तडाखा थोरलीला. तो खाऊन ती मोरीत भांडी घासता घासता कुजबुजायची, "आज म्हातारीचो आवाज चढलो हा. मीठ बेतान घाल गो." मालनताईंचा संसार त्या कुजबुजीवर तरला. आभार मानायचं मात्र इतक्या वर्षांत राहूनच गेलं होतं.

काढलं ते एकच पान. बाकीच्यांपैकी एखाददुसऱ्यावर ठिपका उठला आणि तिथेच थांबला. हिरवीगार पानं मिळाली, वाफेला घर घमघमलं.

कांजूरमार्गला सुलक्षणाबाईंनी पातोळीचं पान उलगडलं, नाकाशी धरलं. ताईंनी मनातलं बोलून टाकलं.

"वैनी, पयली बोलणी तुमीच खाल्लात, म्हणान मी निभावलंय."

थोरली सावकाश चावत राहिली, अर्धी पातोळी संपवली. मग उरलेली धाकटीच्या तोंडात घातली.

"मीठ कमी हा गो," ती हळूच म्हणाली. "सांगूक म्हातारी नाय, म्हणान मीच सांगतंय."