शंभर पावलांवर

सुप्याला, पुणे रस्त्याच्या कडेला एका मेकॅनिकचं गॅरेज आहे. तो फक्त ब्रेकचं काम करतो आणि बोलताना गिऱ्हाइकाकडे न बघता चाकाकडे बघतो. प्रत्येक उत्तराआधी तो थोडा थांबतो, त्यामुळे घाईतली माणसं त्याच्यावर चिडतात. मीही चिडायचो.

हौसेनं घेतलेल्या माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या ब्रेक डिस्क बदलायच्या होत्या. स्टीलच्या घ्याव्यात की सिरॅमिकच्या, यावर मी महिनाभर वाचत होतो. त्यानं एवढंच विचारलं, "पळवनार कुठं?"

"घर ते कंपनी. कधी नगरला."

"मग स्टील घ्या. शिरॅमिक तापल्यावर लई भारी. पन कुत्रं आडवं येतं तवा गाडी तापल्याली नसती."

मी स्टीलच्या बसवून घेतल्या. काम झाल्यावर तो मागच्या मोकळ्या रस्त्यावर शंभर पावलं चालत गेला आणि गाडीकडे पाठ करून उभा राहिला. प्रत्येक गिऱ्हाइकानं त्याच्या दिशेनं गाडी आणून थांबवायची, ही त्याची पद्धत. माझा धीर अर्ध्या वाटेतच सुटला. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली.

उतरून त्याच्याजवळ गेलो. थंडीची सकाळ होती, तरी त्याचा शर्ट पाठीवर घामानं भिजला होता.

"निदान तोंड तरी गाडीकडं करत जा," मी म्हणालो.

तो नेहमीसारखा थांबला.

"तोंड बघून समदीच थांबत्यात, साहेब. रस्त्यावर म्होरल्या मानसाची पाठच असती."