अर्ध्याने भागलं की वाढतं!

रोज संध्याकाळी चार ओळी लिहायची माझी जुनी सवय. आमच्या मेडशी गावात बायांचा दहावीचा वर्ग सुरू झाला आणि त्या चार ओळींची पानं होऊ लागली. एक फजिती लिहून होत नाही, तोवर दुसरी दारात उभी! वर्गात आम्ही सहा बाया, सगळ्या चाळिशीपुढच्या. शिकवणारी माझीच सून, पल्लवी. घरी ती मला 'आई' म्हणते, वर्गात मी तिला 'मॅडम'. लाजेची सुरुवात इथूनच! त्यात सहाच बाया म्हणून वर्ग बंद करायचं घाटत होतं. त्या धास्तीने पल्लवी आमची एकही चूक सोडायची नाही.

*

अपूर्णांकांचा भागाकार आला. पल्लवी म्हणाली, "दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं."

माझ्या शेजारच्या गयाबाईने दोन्ही उलटे केले.

"दोन्ही का उलटे केले, काकू?"

"एकट्यालेच काहून सजा? बरं दिसते काय?"

मी खूप हसले. मग माझी वही पाहिली. मीही दोन्ही उलटे केले होते!

*

सहा भागिले एक छेद दोन. आम्ही एका सुरात ओरडलो, "तीन!"

"बारा," पल्लवी म्हणाली.

गयाबाई उठून उभी राहिली. "वाटे केल्यावर वाढते कसं वं? आमच्या घरी वाटे झाले, तवा वावरात फक्त बांधाचा धुरा वाढला!"

पल्लवीने समजावलं, "सहा भाकरी आहेत. प्रत्येक पाहुण्याला अर्धी वाढली, तर बारा पाहुणे जेवतील."

"अर्ध्या भाकरीवर उठवता पाहुण्याले?"

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. पल्लवीची चूल ती माझीच चूल ना!

*

पावणेदोन लिटर दूध, पाव लिटरची एक पिशवी, तर पिशव्या किती? फळ्यावर मला बोलावलं. पावणेदोन म्हणजे दोन आणि पाऊण, असं धरून मी मांडलं. उत्तर आलं अकरा.

"आई," पल्लवी हळूच म्हणाली, "पावणेदोन वाजता दोन वाजून गेलेले असतात का?"

खरं उत्तर सात. गयाबाई आमच्याकडूनच दूध घेते. ती म्हणाली, "वरच्या चार पिशव्या पाण्याच्या असतीन!"

*

शेवटी तालुक्याहून एक साहेब पाहणीला आले. वर्ग ठेवायचा की बंद करायचा, ते त्यांच्या हातात. पल्लवी सकाळपासून जेवली नव्हती. साहेबांनी नेमकं मलाच उठवलं. "साडेसात भागिले पाऊण."

मी पंधरा छेद दोन केले, पाऊण उलटा केला, गुणलं. दहा!

"बरोबर. पण उलटं करून का गुणलं?"

नियम येत होता, कारण येत नव्हतं. तोंडातून निघालं, "सुनेनं सांगतलं म्हणून."

गयाबाई म्हणाली, "साहेब, लिहून घ्या! पहिल्यांदाच सुनेचं ऐकलं इनं!"

मला मान वर करवेना. साहेब हसत पल्लवीकडे वळले. "मॅडम, तुम्ही सांगा."

पल्लवीने हातातला खडू खाली ठेवला. "आम्हालाही शाळेत... असंच सांगितलं होतं, सर." तिचे कान लाल झाले. माझ्या उत्तरापायी!

आता सगळा वर्ग साहेबांकडे पाहू लागला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, फळ्याकडे पाहिलं, पुन्हा पुसला.

गयाबाईने सरकून सतरंजीवर जागा केली.

"बसा साहेब. रोज दोनले भरते वर्ग. पण वही घरून आना लागते!"