हौदात तरंगलेली पेटी

जहाजाचं वजन कसं करतात ते मला माहीत आहे असं म्हटलं की आमच्या भिशीतल्या बायका हसतात. हसू देत. सगळा जन्म मळ्यात गेला माझा, मखमलाबादच्या अलीकडे, मेथी-कोथिंबीर आणि झेंडूत. समुद्र एकदाच पाहिलाय, तोही लांबून. पण ते वजन मी आमच्या हौदात होताना पाहिलंय, म्हणून सांगते.

तेव्हा मोबाईल आमच्याकडे आले नव्हते. थोरलीला दोन स्थळं आली होती. एक ओझरच्या कारखान्यातलं, ते आमच्या ह्यांच्या मनात भरलेलं. दुसरा मुलगा बंदरावर होता, जहाजातल्या मालाचं वजन काढून द्यायचं काम करायचा. मुलीला हा पसंत होता. तिनं मला एकदाच सांगितलं, "आई, ह्यालाच हो म्हणा," आणि पुन्हा मेथीच्या जुड्या बांधायला बसली. तिचा स्वभावच तसा.

ह्यांना मात्र ते कामच पटेना. "एवढं जहाज काट्यावर चढतं का? नाय ना? मग पाण्याकडं बघून आकडा सांगणारा तो दलाल. दलालाला मी पोरगी द्यायचो नाय." रोज पहाटे मार्केटात माल नेणारा माणूस, त्याला काटा डोळ्यांनी दिसावा लागतो.

मुलगा आईला घेऊन आला. पोहे झाले आणि ह्यांनी विचारलंच.

तो काही चिडला नाही. म्हणाला, "काका, जहाज आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतं. माल भरला की आणखी बुडतं. अंगावर आकडे रंगवलेले असतात, पाणी कुठवर आलं ते पुढं, मधे, मागं, दोन्ही बाजूंनी वाचायचं. रिकामं किती बुडलं, भरल्यावर किती बुडलं, त्यातला फरक म्हणजे माल. टाकीतलं तेल, पाणी वजा करायचं. आणि बाटलीत समुद्राचं पाणी घेऊन तेही मोजायचं, कारण खारं पाणी जड, खाडीचं हलकं."

"पाहुणे, बोलायला सोपं हाय. करून दाखवा," हे म्हणाले आणि पडवीतल्या लाल भोपळ्याकडे बोट केलं. "काटा न लावता."

मुलानं इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात झाकण मोडलेली पत्र्याची पेटी होती. ती त्यानं मागितली, पट्टी मागितली, खडू मागितला. लांबीरुंदी घेतली, पंचाहत्तर बाय पंचेचाळीस सेंटिमीटर. चारी कोपऱ्यांवर खुणा करून पेटी हौदात सोडली, रिकामी कुठवर बुडते ते लिहून घेतलं. त्याची आई पदर तोंडाला लावून हसत होती. "घरी बादलीत पण असलेच उद्योग चालतात ह्याचे," म्हणाली.

मी चहा करायला आत गेले, तर हे मागोमाग आले. हळूच म्हणाले, "सकाळी काढला तेव्हाच मोजलाय. पंधरा किलो. कुणाला बोलू नको."

आता सांगायला लाज वाटत नाही. मुलीचं तोंड डोळ्यांसमोर आलं. चहाचा कप हातात देताना मी मुलाच्या कानाशी म्हटलं, "पंधरा आहे. पंधराच सांगा." त्यानं कप घेतला, मान हलवली. झालं, जुळलं, असं मी समजले.

भोपळा पेटीत ठेवला. पेटी एका अंगाला कलली. त्यानं पाणी थांबायची वाट पाहिली, चारी कोपरे वाचले, कागदावर सरासरी काढली. मग पुन्हा चारी कोपरे वाचले. शर्ट पाठीला चिकटला होता.

"काका, पेटी साडेतीन सेंटिमीटर जास्त बुडली. बारा किलोच्या आसपास. अर्धा किलो इकडंतिकडं धरा."

थोरली दारात उभी होती, ती आत वळली.

"पंधरा नाय?" हे म्हणाले.

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. "पंधरा असता तर आणखी सेंटिमीटरभर बुडली असती. माझा आकडा बाराच."

हे उठले, काटा घेऊन आले आणि सगळ्यांसमोर भोपळा चढवला. पावणेबारा भरला.

मी ह्यांच्याकडे पाहतच राहिले. "तुम्ही तर मला…"

"तुला सांगितलं म्हणजे त्याला कळणार, हे मला काय माहीत नव्हतं?" एवढं बोलून ते मुलाच्या आईकडे वळले. "बसा ताई, जेवूनच जा. ह्या भोपळ्याचे घारगे करील ही."

लग्न झालं. ह्यांच्याशी मी आठवडाभर मोजकंच बोलले. भोपळा घारग्यांना गोड होता हे मात्र मान्य केलं.

जावयाला मी बरीच वर्षं त्याबद्दल विचारलं नाही. नातीच्या बारशाला तो माझ्यापाशी बसला होता, तेव्हा म्हटलं, "तुम्हाला राग आला असेल माझा."

"राग कसला, आई? जहाजावर चढलं की पहिला चहा येतो. चहाबरोबर कुणीतरी हळूच आकडा सांगतं, एवढा आहे, एवढाच लिहा. सवय असते."

"मग तुम्ही काय करता?"

"चहा पितो," जावई म्हणाला, "आणि खाली होडीत उतरून पाणी वाचतो."