सुजाताचं कायदेमंडळ

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले होते. त्याला आता दोन महिने होत आले. खोटं कशाला लिहू, फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो हा, की आता माझी लेक इरा रडणार… आणि माझ्यासाठी ती एवढी रडली असती का? मैत्रीण गेल्याचं कळल्यावर मनात असं काही यावं याची लाज वाटते. पण सुजाताच्या बाबतीत मी कायम अशीच होते.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेत आम्ही दोघी शिकवायचो. भाड्याचा हॉल, मधे घडीचं पार्टिशन. अलीकडे माझी बाराखडी आणि शुद्धलेखन, पलीकडे तिचा इतिहास. माझ्याकडची मुलं घड्याळाकडे बघत बसायची आणि पलीकडून हसण्याभांडण्याचा आवाज यायचा. सुजाता एका सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर होती, शिकवण्याचं शिक्षण तिने घेतलंच नव्हतं. बीएड माझं झालंय. हे मी तेव्हा बऱ्याच जणांना ऐकवलं आहे.

इरा दहा वर्षांची असताना सुजाताने इंग्रजांच्या राज्यातली सुरुवातीची कायदेमंडळं शिकवायला घेतली. आधी सगळे सरकारने नेमलेले, मग त्यात थोडे निवडून आलेले, आणि मत कुणाला, तर ज्याच्याकडे जमीनजुमला आहे, जो कर भरतो त्याला. नुसतं सांगून मुलांना हे कळायचं नाही म्हणून तिने वर्गातच कायदेमंडळ भरवलं. नाडीचे बूट घातलेल्यांना मत, बाकीच्यांनी रेडिएटरपाशी उभं राहायचं. शेवटची दहा मिनिटं कुठला खेळ खेळायचा हे नाडीवाले ठरवणार. इराचे बूट वेल्क्रोचे. घरी येताना गाडीत ती हुंदके देत होती. मी सुजाताला फोन करून चांगलंच फैलावर घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "अगं, माझ्या पणजोबांना जन्मभर मत नव्हतं. तिला एक तास नव्हतं. पुढच्या रविवारी ती काय करते ते बघ तरी."

पुढच्या रविवारी इराने अर्ज लिहिला. मराठीत, पानभर, कुणी न सांगता. चार ओळी तरी लिही म्हणून मी चार वर्षं तिच्यामागे लागले होते. अर्जात ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नव्हता, पण मागणी स्वच्छ होती. शाळा चालवणाऱ्या मराठी मंडळाच्या समितीत मुलांचा एक प्रतिनिधी हवा, निदान मुलांच्या कार्यक्रमांपुरता. आता आमची समिती म्हणजे… दरवर्षी गणपतीच्या जेवणानंतर अध्यक्ष नावं वाचायचे, कुणाची हरकत नाही ना म्हणून विचारायचे, की टाळ्या. माझंही नाव तसंच आलेलं. निवडणूक आम्ही कधी घेतलीच नव्हती.

सुजाताने तो अर्ज समितीपुढे ठेवला. मुलं बाहेर होती. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. बाजूने दोन, विरोधात पाच. त्या पाचातला एक हात माझा. मुलं लहान आहेत वगैरे कारण मी दिलं. खरं कारण एवढंच, की तो अर्ज माझ्या वर्गात लिहिला गेला नव्हता. सुजाताने माझ्याकडे पाहिलं आणि मुलांना निकाल सांगायला बाहेर गेली.

पुढेही आमचं येणंजाणं राहिलं. त्या हाताचा विषय तिने कधी काढला नाही, मीही नाही. ती आजारी पडल्यावर इरा दर गुरुवारी कॉलेज सुटलं की सायकलने रेडवेवरून, इथल्या सायकलींच्या वाटेवरून, थेट तिच्याकडे जायची. मी डब्यातून सूप पाठवायचे आणि घरी बसून जळफळायचे.

शोकसभेत बुद्धवंदना झाल्यावर इरा बोलायला उभी राहिली. आता ती सतरा वर्षांची आहे. "मावशीने आम्हाला सांगितला, आपण हरलो, पण दोन लोक आपल्या साइडला होते," ती म्हणाली. "मग मला हळूच म्हणाली, त्यातली एक तुझी आई. मी एवढी प्राउड होते… दॅट्स व्हाय मी आईशी मराठीत बोलायला लागले."

लोकांनी वळून माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी मान खाली घातली, त्यांना वाटलं मी रडू आवरते आहे. खरं तर माझा संताप झाला होता. लेकीच्या नजरेतला जो मान मी सात वर्षं माझी कमाई समजत होते, तोही सुजाताने दिलेला निघाला.

तिचा वर्ग आता माझ्याकडे आलाय. हॉलच्या कपाटात तिची वही सापडली, प्रत्येक तासाचा वृत्तांत लिहिलेली. त्या रविवारच्या पानावर तिच्या गोल अक्षरात, 'अर्ज नामंजूर. बाजूने दोन, विरोधात पाच.' खाली नावांसाठी सात ओळी आखलेल्या, सातही कोऱ्या. काल मी विरोधाच्या पहिल्या ओळीवर माझं नाव लिहिलं आणि आज सकाळी वही त्या पानावर उघडून वरच्या खोलीत इराच्या टेबलावर ठेवली.

इरा मराठी सावकाश वाचते, शब्दाखाली बोट धरून, सुजाताने शिकवलं तसं. मी खाली थांबले आहे.