रेसच्या गाडीला ट्रॅक्टरची नक्षी

चहा यायला वेळ आहे, तोवर माझ्या अकलेचा एक पराक्रम ऐकून घ्या. गावात सगळ्यांना ठाऊक झालाय, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. मीच सांगितला तर निदान तिखटमीठ कमी लागतं.

बोरी अरबला रस्त्याच्या कडेला माझं टायर रिमोल्डिंगचं दुकान आहे. घासलेल्या टायरवर नवीन रबर चढवायचं, आणि ज्याला तेवढंही परवडत नाही त्याच्या टायरला तापलेल्या पात्यानं नव्या खाचा पाडून द्यायच्या, हा आमचा धंदा. या धंद्यानं नजर बिघडते बघा. मला समोरच्या माणसाचं तोंड नंतर दिसतं, टायर आधी. पोरीसाठी स्थळ पाहायला गेलो, तर शिक्षण-नोकरी सगळं बायकोनं विचारलं आणि मी अंगणात जाऊन मुलाच्या मोटरसायकलची चाकं पाहून आलो. मागचं टायर पार गुळगुळीत. म्हटलं, जो स्वतःच्या चाकाकडे बघत नाही तो आपल्या पोरीकडे काय बघणार? मोडलं स्थळ. तो मुलगा आज तहसीलदार आहे, ते सोडा.

तर माझा भाचा पंकज. बहिणीचा मुलगा. पुण्यात इंजिनिअर झाला, चांगली नोकरी लागली, ती सोडली आणि रेसच्या गाडीची टीम काढली. टीम म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर एकसारखे शर्ट घातलेली भरपूर माणसं आली असतील. तसं काही नाही. पंकज, गाडी चालवणारी सायली नावाची मुलगी, आणि गाडी. संपली टीम. गाडीही कुठल्याशा बुडालेल्या टीमकडून घेतलेली, आणि आता हीदेखील बुडायच्या बेतात. पुण्यातली भाड्याची शेड सोडावी लागली, म्हणून एप्रिलच्या उन्हात ती गाडी पिकअपवर ताडपत्रीखाली आमच्या गावात आली. माझ्या मित्राची कापसाची जिनिंग मिल आहे. हंगाम संपलेला, कापूस गेलेला, एवढं मोठं सिमेंटचं आवार मोकळं पडलेलं. तिथल्या शेडमध्ये गाडी उतरवली.

पाहायला गाव लोटलं. गाडी गुडघ्याएवढी उंच, पुढून निमुळती.

"ही गाडी निजून चालवाची का?" एकानं विचारलं.

"हाव काका, जवळपास तसंच," पंकज म्हणाला.

"हॉर्न कुठी हाय?"

"हॉर्न नसते."

"मंग बैल आडवा आला तं?"

"रेसमध्ये बैल नाई येत, काका."

"काहून? आपल्या शंकरपटात तं बैलच पयते."

माझ्या बायकोनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच म्हणाली, "एकाच माणसाची जागा? मंग याले गाडी कोन म्हनते?"

जेवताना पंकजनं खरी गोष्ट सांगितली. "मामा, यवतमाळचे गावंडे शेठ हायत, बियाण्यांवाले. त्याइले गाडी पसंत पडली तं गाडीवर त्याइच्या बियाण्यांचं नाव लावू आन् खर्च थे उचलतीन. परवा सकाळी इथं पाहाले येऊन राह्यले."

"आन् नाई पसंत पडली तं?"

"तं गाडी विकतो आन् नोकरी पाह्यतो."

हे तो हसत बोलला, पण घास तोंडात तसाच धरून बसला. पोराचं सगळं आता त्या शेठच्या मनावर होतं, आणि मामा असून मला काही करता येत नव्हतं. इथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंकज आणि सायली शेठकडे यवतमाळला निघाले. रात्री तिथंच राहायचं आणि सकाळी शेठसोबत यायचं, असं ठरलं. जाताना पंकज म्हणाला, "मामा, गाडीले हात नका लावू बरं."

"मी कायले लावतो बे?" मी म्हणालो. तेव्हा तसा विचारही नव्हता, खरंच सांगतो.

ते गेल्यावर मी फक्त ताडपत्री नीट आहे का, ते पाहायला शेडमध्ये गेलो. आता ताडपत्री पाहायला गेलेला माणूस टायर पाहिल्याशिवाय परत येईल का? चाकांना फडकी गुंडाळलेली होती. मी एक सोडलं आणि मटकन खाली बसलो.

टायर गोटा, पार गुळगुळीत. दुसरं सोडलं, तेही गोटा. चारही चाकांवर औषधाला एक खाच नाही. आमच्या घाटंजी लाइनच्या काळ्यापिवळ्या जीपा मी पाहिल्या आहेत, पण त्यांच्या टायरवरही पूर्वी इथं नक्षी होती असा काहीतरी पुरावा सापडतो. इथं तोही नव्हता. अंगठा दाबून पाहिला तर रबर मऊ आणि चिकट. म्हटलं, घासलं ते घासलं, वरून उन्हानं सडलंही. पोरगं इतकं अडचणीत आणि सख्ख्या मामाचं टायरचं दुकान असून तोंडानं बोलत नाही. स्वाभिमानी, आईवर गेलंय. म्हणून तर फडकी गुंडाळली, लाज झाकायला.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? फोन करून विचारायला हवं होतं, बरोबर. पण ते तुम्हाला सुचतं, कारण तुम्ही टायरच्या धंद्यात नाही. मी विचार केला, गाडीला हात लावू नका म्हणजे इंजिनाला लावू नका. टायर हा स्वतंत्र विषय आहे.

दुकानातून खाचा पाडायचं यंत्र आणलं, गाडी जॅकवर घेतली, पातं तापवलं. नक्षी कोणती काढावी यावर थोडा विचार केला. मोटारीची साधी नक्षी शोभेची असते. पोराच्या भविष्याचा प्रश्न, तेव्हा पकड जबरदस्त पाहिजे. म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची काढली, तिरप्या जाड पट्ट्यांची. पातं लोण्यात सुरी फिरावी तसं फिरत होतं. एवढ्या वर्षांत कुठलंही टायर इतक्या सहज कापलं गेलं नव्हतं. शंका यायला हवी होती, आली नाही.

बायको पाणी घेऊन आली. "पोरानं सांगतलं होतं ना हात लावू नोका?"

"इंजिनाले लावू नोका म्हने तो."

"मी तिथंच उभी होती. इंजिनाचं नाव बी नाई घेतलं त्यानं. फोन करा त्याले."

"सरप्राइज हाय," मी म्हणालो. ती कपाळाला हात लावून निघून गेली. संध्याकाळी मी फडकी पुन्हा गुंडाळली आणि फार दिवसांनी पोटभर जेवलो.

तिकडे यवतमाळात काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. शेठनं पंकजला एकच प्रश्न विचारला होता, फोटोत या गाडीचे टायर गुळगुळीत काहून दिसतात? पंकजनं त्यांना बराच वेळ समजावलं, की कोरड्या रस्त्यावरच्या रेसमध्ये टायर मुद्दाम गुळगुळीत असतात, जेवढं जास्त रबर रस्त्याला टेकेल तेवढी पकड जास्त. शेठ मूळचे शेतकरी. चिखलात फसलेला ट्रॅक्टर ओढण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. त्यांना हे काही पटेना. शेवटी म्हणाले, "उद्या मी पयले टायर पाहीन. तू म्हनते तसे गोटा असले तं तुयं बाकीचंही खरं मानीन." म्हणजे सगळा व्यवहार येऊन टेकला होता कशावर? टायरवर.

सकाळी शेठ आले. पांढरे स्वच्छ कपडे, हातात रुमाल. जिनिंगच्या आवारात कडुनिंबाखाली खुर्च्या टाकल्या होत्या, गाव भोवती उभं होतं. शेठच्या हातात चहाची कपबशी दिली. पंकजनं गाडी शेडबाहेर ढकलत आणली, ताडपत्री झटक्यात ओढली, खाली वाकून फडकी सोडली आणि तसाच वाकलेला राहिला.

शेठ चाकाजवळ आले. "पंकजराव, हे गोटा हायत?"

सायलीनं एका खाचेत बोट घालून पाहिलं आणि काढून घेतलं.

"काल तुमी मले समजावून सांगतलं. मी घरी बायकोलेही सांगतलं. आन् हे तं माह्या ट्रॅक्टरचे चाकं हायत."

"शेठ, काल गुळगुळीतच होते," पंकज कसाबसा म्हणाला.

"मंग हे रातून उगवलं का? माह्यं बियाणंही इतक्या लवकर उगवत नाई."

लोक हसले. मला वाटलं, शेठ नक्षीवर खूश आहेत. मी गर्दीतून पुढे झालो.

"शेठजी, थे माह्यं काम हाय. हातानं पाडल्या खाचा. पोट्टे पार घासल्या टायरवर गाडी पयवून राह्यले होते. याइच्यापाशी पैसा नाई, कोनी विचारत नाई, पन तोंडानं सांगत नाईत बिचारे."

पंकजनं डोळे मिटून घेतले. आमच्यामागे जाहिरातीसाठी आणखी दोन कंपन्या लागल्या आहेत, असं आदल्या दिवशी त्यानं शेठना सांगितलं होतं. मला काय माहीत?

"तुमी कोन?" शेठनं विचारलं.

"मामा. सख्खा."

शेठनं आधी मला पाहिलं, नंतर चाकं. मग खुर्चीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "चालवून दाखवा."

"नाई शेठ, आता या टायरवर..." पंकज म्हणाला.

सायलीनं हेल्मेट उचललं. "मी चालवते. उभ्या गाडीपेक्षा चालती बरी दिसेल."

इंजिन सुरू झालं तशी जिनिंगच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. पहिलं वळण गाडीनं छान घेतलं. मी कौतुकासाठी आजूबाजूला पाहिलं. पुढच्या वळणापर्यंत टायर तापले आणि माझी नक्षी उडायला लागली. एक तुकडा पत्र्यावर खाडकन बसला, एक पोलीस पाटलाच्या टोपीवर, आणि एक बरोबर शेठच्या बशीत. गाडी थरथरत होती, मागचा भाग इकडून तिकडे जात होता, पण त्या पोरीनं ती भिंतीला लागू दिली नाही. शेठसमोर आणून सरळ उभी केली.

शेठनं बशीतला तुकडा उचलला, दाबला. तो बोटांना चिकटला. झटकला तर सुटेना. दुसऱ्या हातानं काढला तर त्या हाताला चिकटला.

"हे तं लय चिकट हाय," ते म्हणाले.

"हाव शेठ, रस्त्याले चिकटाव म्हनूनच तसं बनवते," पंकज हळूच म्हणाला.

"म्हंजे कापलं नसतं, तं अख्खं टायर असंच चिकटलं असतं?"

"हाव."

शेठ माझ्याकडे वळले. त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. टायर घासलेले नव्हते. ते तसेच जन्माला आले होते. पोराची शेवटची संधी मी दुपारभर खपून, घाम गाळून, माझ्या हातानं कापून ठेवली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "शेठजी, अक्कल माह्यी कमी पडली. पोराले त्याची शिक्षा नोका देऊ."

शेठ तो तुकडा रुमालाला पुसत राहिले, रुमालही चिकटला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोट्टं टायरचं खरं बोलत होतं. कंपन्यायचं खोटं बोललं, थे धंद्यात चालते. आन् असे चाकं असून पोट्टीनं गाडी सांभाळली. घरातच एवढा मोठा दुश्मन बसला असून हे इथवर आले, म्हंजे दम हाय याइच्यात. लावा माह्यं नाव."

पंकज माझ्या पाया पडला की शेठच्या, ते मला गर्दीत नीट दिसलं नाही. शेठच्या असावा.

नवीन टायर आले, गाडीवर बियाण्यांचं नाव आलं, आणि शेठच्या वकिलानं करारही पाठवला. पंकजनं तो आमच्या ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटी एक कलम होतं, खालील आपत्तींमुळे गाडीचं नुकसान झाल्यास शेठ जबाबदार राहणार नाहीत: आग, पूर, भूकंप आणि मामा.

मी म्हटलं, चला, चौथा तरी नंबर आहे. बायको तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "वकिलानं घाई केली. मामा सगळ्यात पयले पाह्यजे होते."